बाटलीतून खिडकीपाशी: सांगली-साताऱ्याच्या घरात ऑर्किडची पिल्लं वाढवताना

तासगाव-वाळवा भागात केळीची ‘टिश्यूची रोपं’ कुणी पाहिली नाहीत असं होत नाही. ती प्रयोगशाळेत बाटलीत वाढतात, मग नर्सरीवाला ती बाहेर काढून शेडनेटमध्ये महिना-दोन महिने रुळवतो आणि त्यानंतरच शेतकऱ्याच्या हातात देतो. ऑर्किडची लहान रोपंही अशीच बाटलीतून येतात. फक्त मधली नर्सरी आपण स्वतः व्हायचं असतं. बाटलीतून काढल्यापासूनचे पहिले ७०-८० दिवस नीट गेले, तर पुढचं सगळं सोपं आहे. म्हणून या लेखात मी त्या दिवसांवरच जास्त लिहिणार आहे.

मी सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहते. ग्रीनहाऊस नाही आणि गच्चीही आमच्या वाट्याची नाही. पूर्वेकडे तोंड असलेली एक खिडकी, तिच्या शेजारी चार फुटी लोखंडी रॅक आणि दोन एलईडी ट्यूब, एवढ्यावर २०१७ पासून रोपं वाढवते आहे. साताऱ्यात माझी बहीण असते. तिच्याकडे हवा जरा गार आणि पावसाळा जास्त ओला, त्यामुळे काही गोष्टी ती वेगळ्या करते. त्या त्या ठिकाणी सांगेनच.

रोप बाटलीत का असतं

ऑर्किडचं बी म्हणजे अक्षरशः धूळ. एका शेंगेत हजारो, कधी लाखोही बिया असतात, पण एकाही बीत अंकुराला पुरेल अशी शिदोरी नसते. हरभऱ्याच्या डाळिंब्या कोंबाला पोसतात, तसं इथे काहीच नाही. रानात एक विशिष्ट बुरशी त्या बीला अन्न पुरवते, तेव्हाच ते रुजतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिलं, की साखर आणि क्षार घातलेल्या अगरच्या जेलीवर निर्जंतुक बाटलीत हे बी बुरशीशिवायही उगवतं. आज आपल्याकडे येणारा फ्लास्क, म्हणजे रोपांनी भरलेली बंद बाटली, त्याच कामाचं फळ आहे.

आता त्या रोपाच्या बाजूने पाहा. त्याने कधी कोरडी हवा अनुभवलेली नाही, त्याच्या पानांवर मेणाचा थर जेमतेम असतो, साखर आयती मिळालेली असते आणि जंतूशी कधी गाठ पडलेली नसते. अशा रोपाला एका दिवसात आपल्या हॉलच्या हवेत आणलं, तर ते मरतं. चुकीचं खत पडलं किंवा पाणी कमी-जास्त झालं, ही कारणं त्यानंतर येतात. बहुतेक रोपं अचानक झालेल्या बदलाने जातात.

इथेच एक विनंती करते. कासच्या पठारावर जमिनीतून उगवणारी हबेनारिया किंवा महाबळेश्वर-कोयनेच्या रानात झाडांवर लोंबणारी सीतेची वेणी आणि एरिडिस पाहून हात शिवशिवतात, पण ती उपटून आणू नका. कायद्याने तर मनाई आहेच. शिवाय जमिनीतल्या ऑर्किडचे कंद तिथल्या मातीशी आणि तिच्यातल्या बुरशीशी बांधलेले असतात, कुंडीत ते फार दिवस टिकत नाहीत. आणि झाडावरच्या ऑर्किडला बांडगूळ समजून कुणी तोडत असेल तर त्यालाही थांबवा. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळी घुसवून रस ओढतं. ऑर्किड फक्त सालीला धरून बसतं, झाडाचं काहीच घेत नाही.

कोणता फ्लास्क घ्यायचा

पहिल्यांदा फेलेनॉप्सिस किंवा डेंड्रोबियम घ्या. फेलेनॉप्सिसला उजेड कमी लागतो, घरातलं तापमान चालतं आणि रोप दोन-तीन वर्षांत फुलावर येतं. डेंड्रोबियमच्या रुंद पाकळ्यांच्या संकरित जाती सांगलीचा उन्हाळा जास्त धीराने सोसतात, पण त्यांना उजेड भरपूर हवा. कॅटलियाला फुलायला चार ते सात वर्षं लागतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या फ्लास्कला ती घ्या. व्हॅण्डाची मुळं उघडी लोंबतात आणि त्यांना रोज भिजवावं लागतं, त्यामुळे घरात ती जड जाते. मिल्टोनियॉप्सिस आणि मासडेव्हालिया थंड डोंगरातली. आपल्या मैदानी हवेत त्यांच्या नादी लागू नका, फोटो कितीही सुंदर असला तरी.

विकणाऱ्याला एक प्रश्न आवर्जून विचारा: रोपं बियांची आहेत की मेरिक्लोन? मेरिक्लोन म्हणजे एकाच झाडाच्या कोंबापासून केलेली, सगळ्यांना सारखंच फूल येणार. बियांच्या रोपात प्रत्येक भावंड वेगळं निघतं. मला बियांचीच आवडतात, कारण ३० रोपांत एखादं असं फुलतं जे दुसऱ्या कुणाकडेच नसतं.

रोपांची उंची निदान तीन-चार सेंटिमीटर आणि प्रत्येकाला दोन-तीन जाड मुळं असलेला फ्लास्क मागा. नखाएवढी रोपं स्वस्त मिळतात, पण नवख्या हातात ती टिकत नाहीत.

कधी काढायची

याबाबत माझं मत ठाम आहे: मृग बसून पाऊस लागला, की जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. त्या दिवसांत आपल्याकडे तापमान २२ ते ३० अंशांत असतं, हवेत ओल मुरलेली असते आणि थंडी येईपर्यंत रोपाला चार-पाच महिने मिळतात. पुस्तकांत बहुधा वसंत ऋतू लिहिलेला असतो, पण तो थंड देशांचा वसंत. आपला चैत्र-वैशाख म्हणजे कोरडी हवा आणि ३८-४० अंशांचं ऊन.

माझा पहिला फ्लास्क एप्रिलमध्ये आला. मी रोपं लावून काचेच्या बंद पेटीत ठेवली आणि पेटी खिडकीपाशी सरकवली. सकाळचं ऊन तासभर थेट पेटीवर पडलं. दुपारी पाहिलं तर पानं उकडलेल्या भाजीसारखी झाली होती. त्यातलं एकही रोप वाचलं नाही. बंद काचेत ऊन शिरतं, पण उष्णता बाहेर पडत नाही. पेटी आणि थेट ऊन यांची गाठ एक मिनिटही पडू द्यायची नाही, हे त्या दिवशी कायमचं शिकले.

साताऱ्यात जुलैत हवा इतकी ओली असते की बुरशी लगेच धरते. तिथे जूनच्या तिसऱ्या आठवड्यातच काढा आणि पंख्याची सोय आधी करा.

आधी घर तयार करा, मग बाटली उघडा

*पेटी.* आपल्या भागात याचं सगळ्यात सोपं उत्तर महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी ज्या पारदर्शक डब्यांत येते ते डबे. झाकण असतं, बाजूला भोकं असतात, हवा खेळते, ओल राहते. हिवाळ्यात खाल्लेल्या स्ट्रॉबेरीचे डबे धुऊन जपून ठेवा. एका डब्यात पाच-सहा लहान रोपं बसतात. पूर्ण फ्लास्कसाठी मात्र झाकणाचा मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा किंवा मासे ठेवायची जुनी टाकी घ्या. तळाला दोन बोटं ओला कोळसा पसरा आणि त्यावर जाळी ठेवून कुंड्या जाळीवर मांडा. कुंडीचं बूड पाण्याला टेकता कामा नये. आत एक छोटं डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. त्यावाचून सगळा अंदाजाचा कारभार होतो.

*उजेड.* २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब, ६५०० केल्विनच्या, रॅकच्या वरच्या फळीखाली बसवा. गुलाबी-जांभळ्या ‘ग्रो लाइट’ची गरज नाही. त्या प्रकाशात पान पिवळं पडलंय की नाही तेही कळत नाही. मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेडाची तीव्रता, मोजायचं ॲप मिळतं, ते अंदाजापुरतं बरं चालतं. पहिले दोन आठवडे पानांपाशी २,००० ते ३,००० लक्स, पुढे ५,००० ते ६,००० आणि चार महिन्यांनंतर फेलेनॉप्सिसला ८,००० ते १०,०००. डेंड्रोबियमला त्याच्याही वर, म्हणून ती रोपं पुढे खिडकीच्या पडद्याआडच्या उजेडात आणावी लागतात. तुलनेसाठी सांगते, दुपारच्या उघड्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात. दिवे टायमरवर १४ तास. ४० वॅट गुणिले १४ तास म्हणजे रोज अर्ध्या युनिटहून थोडं जास्त, महिन्याला साधारण १७ युनिट.

रात्री मात्र पूर्ण अंधार हवा. फेलेनॉप्सिस पानांची छिद्रं रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि दिवसा तो वापरतं. रात्रभर दिवा चालू ठेवला तर रोप लवकर वाढेल हा समज चुकीचा आहे.

*वारा.* जुन्या चार्जरवर चालणारा छोटा यूएसबी पंखा रॅकच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून लावा. भिंतीला आपटून परत येणारी झुळूक पुरते. पान जेमतेम हललं पाहिजे. पंख्यावर कंजुषी करू नका. दिवा एक दिवस बंद राहिला तर रोपाचं काही बिघडत नाही. ओल्या हवेत पंखा मात्र एक दिवस बंद राहिला, तर सड सुरू होऊ शकते.

*पाणी.* सांगली जिल्ह्यातल्या वाचकांनी इथे नीट लक्ष द्या. कृष्णाकाठची जमीन क्षारपड का झाली हे आपल्याला माहीत आहे. तेच क्षार बोअरच्या पाण्यातून कुंडीत येतात. ऑर्किडच्या मुळाला ते सहन होत नाहीत: कुंडीत मातीऐवजी भरलेल्या मॉसच्या, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाच्या, टोकांवर पांढरा थर बसतो, मुळांची टोकं काळी पडतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा टीडीएस मीटर घ्या आणि रोपांना १०० ते १५० च्या आतलं पाणी द्या. घरच्या आरओचं चालतं. सॉफ्टनरचं अजिबात नको, त्यात सोडियम वाढलेलं असतं. सगळ्यात उत्तम पावसाचं. पहिले दोन पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्यायचे आणि मग भरायचं. एका फ्लास्कच्या रोपांना आठवड्याला दहा लिटर पुष्कळ झालं, म्हणजे २०० लिटरचं एक पिंप वीस आठवडे पुरतं. पिंप अंधारात ठेवा आणि तोंडाला पातळ कापड घट्ट बांधा. उघड्या साठ्यात डेंग्यूचे डास होतात.

*लावायचं साहित्य.* मला स्फॅग्नम मॉस आणि कोळसा ही जोडी मानवली. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो तोच. वाटाण्याएवढे तुकडे करा, चाळा, काळं पाणी जाईपर्यंत धुवा. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरायचे असतील तर निदान २४ तास भिजवून तीनदा पाणी बदला, त्यातही मीठ असतं. सांगलीच्या कोरड्या हवेत मॉस जास्त घ्या. साताऱ्याला कोळसा निम्म्याहून अधिक असू द्या. माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही नको.

कुंडी म्हणून पारदर्शक प्लास्टिकचा पेला उत्तम. मुळं दिसतात. बुडाला आणि बाजूला तापवलेल्या दाभणाने आठ-दहा भोकं पाडा.

काढायचा दिवस

फ्लास्क घरी आला की लगेच उघडू नका. चार-पाच दिवस त्याच रॅकवर, मंद उजेडात राहू द्या. प्रवासात जेली फुटून रोपं उलटीसुलटी झाली असतील किंवा आत कापसासारखी बुरशी दिसत असेल, तर मात्र त्याच दिवशी काढा.

सकाळ निवडा, दोन-तीन तास मोकळे ठेवा. बाटलीत कोमट, म्हणजे हाताला जेमतेम ऊब लागेल असं पाणी घाला आणि हलक्या हाताने गोल फिरवा. जेली सैल झाली की रोपं पाण्यासकट पसरट भांड्यात ओता. बारीक पिल्लं वाहून जाऊ नयेत म्हणून खाली चाळणी धरा. बाटलीचं तोंड अरुंद असेल तर बोथट चिमट्याने रोप मुळाकडून ओढा. मुळं आधी आली की पानं आपोआप मिटून बाहेर येतात, उलट ओढलं तर मोडतात. अगदीच निघेना तर बाटली जाड वर्तमानपत्रात गुंडाळून हातोडीने हलकी फोडावी लागते. हातमोजे घाला, आणि नंतर मुळांतला काचेचा एकेक कण शोधून काढा.

मग धुणं. हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. जेलीत साखर असते. मुळाच्या बेचक्यात राहिलेला एवढासा तुकडाही चार दिवसांत बुरशीला घर देतो. चित्रकलेचा मऊ ब्रश घेऊन, तीन वेळा पाणी बदलून प्रत्येक रोप बोटांना बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत धुवा. मुळं एकमेकांत अडकली असतील तर ओढाताण नको, दोन-तीन रोपं एकत्रच लावा. मेलेली तपकिरी मुळं निर्जंतुक कात्रीने कापा.

धुतलेली रोपं कॅप्टन या बुरशीनाशकाच्या पाण्यात, लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात, दहा मिनिटं बुडवा. हे औषध कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. घरात वापरताना हातमोजे आणि मास्क हवेतच, खिडकी उघडी हवी, भांडं आणि चमचा कायमचा वेगळा ठेवायचा. हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नका आणि उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. लहान मुलं घरात असतील तर बाल्कनीतच करा.

नंतर रोपं कोऱ्या कागदावर आडवी पसरून अर्धा तास सावलीत ठेवा. मुळं थोडी मऊ पडतात आणि लावताना मोडत नाहीत. पाणी भरलेलं ताठ मूळ काडीसारखं कट्‌कन तुटतं. या अर्ध्या तासात रोपांची प्रतवारी करून घ्या. मोठी, मधली, बारीक असे तीन ढीग.

लावताना मॉस भिजवून असा पिळा की मुठीतून थेंब पडू नये. पेल्याच्या तळाला तीन बोटं कोळसा घाला. रोपाच्या मुळांभोवती मॉस सैल गुंडाळून त्यावर बसवा. दहा सेंटिमीटरच्या कुंडीत दहा-बारा रोपं दाटीने बसतात आणि दाटीत ती बरी वाढतात, कारण ओल एकसारखी राहते. एकच नियम विसरू नका: जिथून पान फुटतं तो गाभा मॉसच्या वर राहिला पाहिजे. गाभा पुरला गेला की रोप सडलं म्हणून समजा.

पहिले तीन दिवस पाणी घालू नका. धुताना-लावताना मुळांना झालेल्या जखमा सुकू द्यायच्या असतात. फक्त पेटीच्या आतल्या भिंतींवर फवारा मारा, रोपांवर नको.

सवय लावण्याचे दिवस

पहिले दोन आठवडे झाकण बंद, आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं झाकण उघडून आतली हवा बदला. तिसऱ्या आठवड्यापासून झाकणाखाली पेन्सिल ठेवा, म्हणजे बोटभर फट राहील. पाचव्या आठवड्यात फट तीन-चार बोटं. सातव्या-आठव्या आठवड्यात दिवसा झाकण पूर्ण काढा, रात्री अर्धं लावा. दहाव्या आठवड्यापर्यंत रोपं ६० टक्के आर्द्रतेत उघडी राहू शकली, तर आता ती तुमच्या घराची झाली.

हे आठवडे कॅलेंडरवर लिहा, पण निर्णय रोपाला विचारून घ्या. झाकण उघडल्यावर संध्याकाळपर्यंत पान लुळं पडलं तर एक पायरी मागे या. बाटलीतली जुनी पानं एक-दोन पिवळी पडून गळतात, त्याने घाबरू नका. तुम्ही वाट पाहायची ती नव्या मुळाची: चंदेरी मुळाच्या टोकाला पोपटी किंवा तांबूस टोक दिसलं, की रोपाने इथली हवा मान्य केली. साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात ते दिसतं.

पाणी कधी? पेला उचलून पाहा. हलका लागला, मॉसचा वरचा थर पांढरट झाला आणि पारदर्शक भिंतीवरचं बाष्प नाहीसं झालं की सकाळी पाणी द्या. दुपारनंतर कधीच नाही. माझे दीर तासगावला द्राक्षबाग करतात. त्यांनी पहिल्या वर्षी माझी पेटी पाहून सांगितलं होतं, “वहिनी, रात्रभर पान ओलं राहिलं की केवडा आलाच म्हणून धरा. तुमचं रोप काय, माझी वेल काय, हिशोब तोच.” बागेतला केवडा वेगळा रोग आहे, पण हिशोब खरोखर तोच आहे. दिवे बंद होण्याआधी पान कोरडं झालं पाहिजे.

उष्टावण

नवं मूळ दिसेपर्यंत खत नाही. दिसलं की १९:१९:१९ हे विद्राव्य खत, लिटरला पाव ग्रॅम, आठवड्यातून एकदा. पाव ग्रॅम मोजायला काटा लागत नाही: ५ ग्रॅम खत एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं ५० मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर करा. चौथ्या आठवड्याला खत न देता नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा, साठलेले क्षार निघून जातात. द्राक्षबागायतदारांच्या घरात हे खत पोत्याने असतं आणि हात सैल सुटतो, म्हणून सांगते: बागेच्या मात्रेने दिलं तर या पिल्लांची मुळं जळतात.

पावसाच्या आणि आरओच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. नव्या पानाचं टोक काळं पडू लागलं तर त्याचंच कारण असू शकतं. पंधरा दिवसांतून एकदा कॅल्शियम नायट्रेट, त्याच पाव ग्रॅमने, वेगळ्या दिवशी द्या. १९:१९:१९ बरोबर एकाच बाटलीत मिसळू नका, पांढरा साका तळाला बसतो आणि दोन्ही वाया जातात.

सड, चिलटं, कोळी

रोपाचं बूड पाणीदार तपकिरी होऊन ते आडवं पडलं, तर ती सड. ते रोप आणि त्याच्या भोवतीचं मॉस तत्काळ काढून टाका, बाकीच्यांवर कॅप्टनचा हलका फवारा द्या, झाकण उघडा आणि दोन दिवस पाणी बंद ठेवा. ‘वाचतंय का बघू’ म्हणून सडकं रोप आत ठेवलं तर शेजारची पाच घेऊन जातं. पानावर मऊ, पारदर्शक, तासागणिक पसरणारा डाग दिसला तर तो बहुधा जिवाणूंचा असतो. डागाच्या पुढे निरोगी भागातून पान कापा, कात्री दर वेळी ज्योतीवर धरा.

मॉसवर बारीक काळी चिलटं उडायला लागली तर ओल जास्त झाली आहे. शेतात लावतात तसला पिवळा चिकट सापळा तळहाताएवढा कापून पेटीत टांगा. मार्चनंतर हवा कोरडी झाली की लाल कोळी येतो, पानाची खालची बाजू राखाडी-चंदेरी दिसते. ओल्या मऊ फडक्याने दोन्ही बाजू दर चार दिवसांनी पुसल्या तरी तो आटोक्यात राहतो. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने सर्जिकल स्पिरिट लावून टिपून काढा.

वीज गेली तर

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. आमच्या इमारतीत पाणी आलं नाही, पण वीज बरेच दिवस नव्हती. तेव्हा दोन फ्लास्कची रोपं पाचव्या आठवड्यात होती. मी झाकणं पूर्ण काढली, पेट्या खिडकीच्या जवळ आणल्या, पाणी आणि खत दोन्ही थांबवलं आणि दिवसातून तीन-चार वेळा पुठ्ठ्याने वारा घातला. चार रोपं गेली, बाकीची राहिली. पावसाळ्यात पंखा बंद पडला की झाकण उघडायचं, आणि उन्हाळ्यात बंद पडला तर झाकण अर्धं लावून सावलीत न्यायचं, हा फरक लक्षात ठेवा. एरवीच्या दोन-तीन तासांच्या भारनियमनाला छोट्या पॉवर बँकेवर यूएसबी पंखा चालतो.

थंडी आणि वैशाख

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बाहेर १२-१४ अंशांवर उतरतो. फेलेनॉप्सिसच्या पिल्लांना १८ च्या खाली नको असतं. संध्याकाळी खिडकी लावा, रॅक काचेपासून हातभर आत घ्या, रात्री झाकण ठेवा. साताऱ्यात बहीण गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेर टेकवून ठेवते, तेवढ्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतो. या दिवसांत पाणी निम्मं करा आणि ते खोलीच्या तापमानाचं असू द्या. नळाचं गार पाणी गाभ्यात साठलं तर गाभा कुजतो.

उन्हाळ्यात सांगलीच्या कोरड्या हवेत साधा वाळ्याचा कूलर फार उपयोगी पडतो, कारण तो गारवा आणि ओल दोन्ही देतो. समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते. कूलर नसेल तर रॅकच्या तीन बाजूंनी ओलं गोणपाट टांगा. दिव्यांचे तास कमी करा आणि वेळ बदला: पहाटे चार ते दुपारी बारा. दुपारच्या उष्म्यात दिव्यांची आणखी भर कशाला. तापमान ३५ च्या वर गेलं की रोप वाढ थांबवून नुसतं तग धरतं. अशा वेळी खत बंद करा, वारा वाढवा आणि पहाटे पाणी द्या.

वेगळं घर

सहा महिने ते वर्षभरात पेल्याच्या भिंतीला मुळं गच्च भिडतात आणि पानं एकमेकांवर चढतात. तेव्हा प्रत्येक रोप पाच-सहा सेंटिमीटरच्या स्वतंत्र कुंडीत हलवा. हेही काम पावसाळ्याच्या तोंडावर करा. मोठी कुंडी देण्याचा मोह आवरा, लहान रोपाला मोठ्या कुंडीतलं मॉस वाळेपर्यंत मुळं कुजतात. आता कोळसा निम्मा, मॉस निम्मं. प्रत्येक कुंडीत जात आणि बाटलीतून काढल्याची तारीख लिहिलेली पट्टी खोचा. शिसपेन्सिलने लिहा, शाई वर्षभरात उडून जाते.

माझ्या पहिल्या धड फ्लास्कमधल्या ३२ रोपांपैकी १९ या टप्प्यापर्यंत पोचली. आता साधारण २७-२८ पोचतात. तुमची पंधरा राहिली तरी दुसऱ्या वर्षी रॅक अपुरा पडेल.

त्यानंतर फेलेनॉप्सिसचं पान वीतभर होत आलं, की तिसऱ्या वर्षीच्या थंडीत रात्रीचा १८ अंशांच्या आसपासचा गारवा काही आठवडे मिळाला तर पानाच्या बगलेतून फुलाचा दांडा येतो. मूळ आणि दांडा सुरुवातीला सारखेच दिसतात. मुळाचं टोक गोल असतं, दांड्याचं हातमोज्याच्या अंगठ्यासारखं चपटं आणि वर वळलेलं. रोप लहान असेल आणि पानं तीनच असतील तर पहिलं फूल उघडून रंग पाहा, फोटो काढा, पट्टीवर नोंद करा आणि आठवडाभराने दांडा बुडाशी कापून फुलदाणीत ठेवा. पाण्यातही तो बरेच दिवस टिकतो, आणि रोप ती ताकद चौथ्या पानाला लावतं.